अकबराने पुस्तकं कशी निवडली, आणि आपण कशी निवडावीत

गावोगावी मुस्लिम तरुणांची छोटी अभ्यासमंडळं सुरू होत आहेत. कुठे मशिदीच्या शेजारच्या खोलीत, कुठे शाळेच्या वर्गात, कुठे एखाद्याच्या दुकानाच्या माळ्यावर आठ-दहा जण जमतात. त्यातल्या अनेकांचा मला एकच प्रश्न असतो, ‘‘सर, कुठली पुस्तकं लावावीत? विषय काय ठेवावेत?’’ यादी मागणं सोपं असतं आणि देणंही. पण यादी देऊनही मंडळं सहा महिन्यांत बंद पडतात, हे मी पाहत आलोय. म्हणून या वेळी यादीऐवजी इतिहासातलं एक उदाहरण सांगतो. हे उदाहरण साडेचारशे वर्षं जुनं आहे आणि त्याच्या नोंदी भरपूर आहेत. त्यात पुस्तकं निवडण्याची एक रीत यशस्वी झाली आणि विषय निवडण्याची एक रीत सपशेल फसली. दोन्ही एकाच माणसाच्या होत्या. तो माणूस म्हणजे जलालुद्दीन मुहंमद अकबर.

अकबराला स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं, असं बहुतेक समकालीन सांगतात. जहांगीरने आत्मचरित्रात वडिलांबद्दल हेच लिहिलंय. पण विद्वानांच्या सततच्या सहवासामुळे त्यांच्या बोलण्यातून ते कुणाच्या लक्षातही येत नसे, अशी पुस्तीही त्याने जोडली आहे. मग हा माणूस ‘वाचत’ कसा होता? अबुल फझलने ‘आईन-ए-अकबरी’त त्याची पद्धत नोंदवून ठेवली आहे. रोज जाणकार वाचक पुस्तक मोठ्याने वाचून दाखवत आणि बादशहा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ऐकत असे. वाचन जिथे थांबेल, तिथे तो स्वतःच्या हाताने खूण करी. जेवढी पानं वाचून झाली, त्या हिशोबाने वाचणाऱ्याला सोन्या-चांदीच्या नाण्यांत बिदागी मिळे. एकदा ऐकलेलं पुस्तक पुन्हा ऐकायचा त्याला कंटाळा नसे.

आपल्याकडे श्रावणात पोथी लावतात, तशीच ही रीत. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात आणि उद्या कुठून सुरू करायचं ते ठरलेलं असतं. मंडळांसाठी मला हे फार कामाचं वाटतं. आपल्या गटात कुणी उर्दू माध्यमात शिकलेला असतो आणि त्याला मराठी बोलता येतं, पण पुस्तकी मराठीत तो अडखळतो. कुणाची शाळा आठवीतच सुटलेली असते. ‘घरून वाचून या’ म्हटलं की ही मुलं पुढच्या बैठकीला येत नाहीत. मोठ्याने वाचलं तर ती टिकतात. हिंदुस्थानच्या बादशहाला ऐकून वाचण्यात कमीपणा वाटला नाही, तर आपल्याला का वाटावा?

आता पुस्तकं पाहू. अबुल फझलने नावानिशी यादीच दिली आहे. नसीरुद्दीन तुसीचं ‘अख्लाक-ए-नासिरी’, इमाम गझालीचं ‘किमिया-ए-सआदत’, ‘काबूसनामा’, बिहारचे सूफी शेख शरफुद्दीन मनेरी यांचं लेखन, सादीची ‘गुलिस्ताँ’ आणि ‘बोस्ताँ’, सनाईचं ‘हदीका’, मौलाना रूमींची ‘मसनवी’, ‘जाम-ए-जम’, फिरदौसीचा ‘शाहनामा’, निजामीच्या मसनव्या, अमीर खुसरो आणि जामी यांची पुस्तकं, खाकानी आणि अन्वरीचे दिवाण आणि शिवाय इतिहासाचे ग्रंथ.

ही यादी नीट वाचली की निवडीमागचा विचार दिसतो. गझाली सुन्नी जगातला सर्वांत मान्य विद्वान, तर तुसी शिया. दोघं एकाच फळीवर आहेत. एक माणूस आतून कसा सुधारतो ते सांगतो आणि दुसरा घर, शहर, राज्य कसं चालवावं ते. ‘काबूसनामा’ हा बापाने मुलाला केलेला व्यवहाराचा उपदेश. मनेरी आणि खुसरो याच मातीतले. ‘शाहनामा’ तर इस्लामपूर्व इराणच्या राजांची कथा. शुद्ध दीनी पुस्तकांची ही यादी नाही आणि दीनपासून तोडलेलीही नाही. त्यात नीती आहे, तसव्वुफ आहे, कविता आहे, गोष्टी आहेत, इतिहास आहे. आपल्या मंडळांत मात्र बहुधा दोनच प्रकार दिसतात. एक तर फक्त दीनी पुस्तिका, नाही तर ‘मुसलमानांनी देशासाठी काय केलं’ छापाची पुस्तकं. पहिल्यात प्रश्न विचारायला जागा नसते आणि दुसऱ्यात प्रश्नच नसतो.

हे वाचन फक्त पुरुषांचं होतं असंही नाही. ग्रंथालयाचा काही भाग जनानखान्यात होता, असं ‘आईन’मध्येच आहे. अब्दुल कादिर बदायुनी या दरबारी विद्वानाने ‘सिंहासन बत्तिशी’चा फारसी अनुवाद केला होता, ‘नामा-ए-खिरद-अफ्जा’ या नावाने. ती प्रत ग्रंथालयातून गहाळ झाली. सलीमा सुलतान बेगमला ती वाचायची होती. तिने तगादा लावला आणि रजेवर गेलेल्या बदायुनीची खरडपट्टी निघाली. पुस्तक हजर कर, नाही तर उत्पन्न बंद, अशी ताकीद त्याला आली. एका वाचक बाईने बादशाही यंत्रणा कामाला लावली, ती एका पुस्तकासाठी. ज्या मंडळात बहिणींना बसायला जागा नाही, त्यांनी ही नोंद अवश्य वाचावी.

आता त्याच बादशहाचा दुसरा प्रयोग. १५७५ मध्ये अकबराने फतेहपूर सिक्रीत इबादतखाना बांधला. गुरुवारी रात्री, म्हणजे जुम्म्याच्या रात्री, तिथे धर्मचर्चा होऊ लागली. सुरुवातीला फक्त मुसलमानांनाच प्रवेश होता आणि पहिलं भांडण झालं ते विषयावरून नव्हे, बसण्याच्या जागेवरून. कोण पुढे, कोण मागे. शेवटी चार दिशा वाटून द्याव्या लागल्या. पूर्वेला अमीर, पश्चिमेला सय्यद, दक्षिणेला उलमा आणि उत्तरेला शेख. बादशहा या गटातून त्या गटात फिरत असे.

एका रात्री उलमांचा आवाज फारच चढला. अकबर वैतागून बदायुनीला म्हणाला, यापुढे जो कुणी वेडंवाकडं बोलेल त्याचं नाव मला सांग, मी त्याला उठवून लावतो. बदायुनी शेजारच्या आसफ खानाच्या कानात पुटपुटला की, मग तर बहुतेकांना उठावं लागेल. बादशहाने काय बोललास म्हणून विचारलं, उत्तर ऐकून तो खूश झाला आणि जवळच्यांना ते सांगत सुटला. हा किस्सा खुद्द बदायुनीनेच लिहून ठेवलाय.

विषय कसे निघत? एकदा बादशहाने विचारलं, निकाह करून किती बायका ठेवता येतात? प्रश्न अभ्यासाचा दिसतो, पण विचारणाऱ्याच्या घरात आधीच चारपेक्षा जास्त बेगमा होत्या. म्हणजे उत्तर ठरलेलं होतं आणि शोधायचा होता तो फक्त आधार. कुणी अपवाद काढून दाखवले, कुणी मुताचा मुद्दा आणला, कुणी हरकत घेतली. शेवटी हरकत घेणाऱ्या काझीच्या जागी मालिकी पंथाचा काझी आला आणि बादशहाला हवा तो निर्णय मिळाला. इकडे मख्दूम-उल-मुल्क अब्दुल्ला सुलतानपुरी आणि सद्र शेख अब्दुन नबी या दोन बड्या आलिमांची आपसात जुंपली. एकाने दुसऱ्याविरुद्ध पुस्तिकाच लिहिली. सभेत दोन तट पडले. एक जण ज्याला हलाल म्हणे त्याला दुसरा हराम ठरवी. हे पाहणाऱ्या बादशहाचा दोघांवरचाही विश्वास उडाला. १५७९ च्या सप्टेंबरमध्ये ‘महजर’ नावाच्या दस्तऐवजावर याच उलमांच्या सह्या घेण्यात आल्या. मुज्तहिदांमध्ये मतभेद झाले तर त्यातलं एक मत निवडण्याचा अधिकार बादशहाला, असा त्याचा आशय. त्यानंतर या दोघांचीही रवानगी मक्केला झाली.

दरम्यान इबादतखान्याची दारं इतर धर्मीयांना उघडली होती. १५८० मध्ये गोव्याहून जेझुईट पाद्री आले. रुदोल्फो आक्वाविवा आणि आंतोनियो मॉन्सेराते ही त्यातली दोन नावं. त्यांनी अनेक भाषांत छापलेलं बायबल भेट आणलं. अकबराने ते आदराने डोक्याला लावलं, असं मॉन्सेराते लिहितो. पण चर्चा सुरू झाली की पाद्रीही उलमांप्रमाणेच जिंकायला बसत. यथावकाश इबादतखाना ओस पडला. आज फतेहपूर सिक्रीत ती नेमकी कोणती इमारत, यावरही इतिहासकारांचं एकमत नाही.

इबादतखाना का फसला, याची कारणं मला तीन दिसतात. विषय ‘कोण खरा’ असा असायचा. समोर पुस्तक नसायचं, असायची ती पाठ केलेली अवतरणं. आणि विषय ठरवणारा, निकाल देणारा आणि शिक्षा करणारा माणूस एकच होता. आपल्या मंडळांकडे बघा. ‘औरंगजेब चांगला की वाईट’ हा विषय ठेवला की इबादतखाना सुरू झालाच. दहा मिनिटांत दोन तट, अर्ध्या तासात आवाज चढलेले आणि पुढच्या आठवड्यात चार खुर्च्या रिकाम्या. त्याऐवजी विषय असा ठेवून पाहा: अकबराने १५६४ मध्ये रद्द केलेला जिझिया औरंगजेबाने १६७९ मध्ये पुन्हा का लावला? मधली ११५ वर्षं काय झालं? आणि त्या काळच्या माणसांनी त्यावर काय लिहिलं? शिवाजी महाराजांचं म्हणून प्रसिद्ध असलेलं जिझियाविरोधी फारसी पत्र त्यासाठी समोर ठेवता येतं. त्या पत्रात अकबराच्या धोरणाचा गौरवाने उल्लेख आहे. प्रश्न ‘का’ आणि ‘कसं’ असा विचारला की मुलांना वकिली सोडून कागद उघडावा लागतो.

अकबराचा तिसरा प्रयोग याच वाटेने गेला, तो म्हणजे मक्तबखाना. इथे वाद घालायला नव्हे, तर एक ग्रंथ एका भाषेतून दुसऱ्या भाषेत न्यायला माणसं एकत्र बसत. १५८२ मध्ये महाभारताचं काम सुरू झालं. पंडित अर्थ सांगत, नकीब खान फारसीत लिहून घेई. सुरुवातीच्या काही रात्री स्वतः अकबर नकीब खानाला आशय समजावत बसला होता. मग बदायुनीला बोलावणं आलं. मुल्ला शेरी आणि सुलतान हाजी थानेसरी यांनाही जुंपलं गेलं. ग्रंथाचं नाव ठेवलं ‘रज्मनामा’, म्हणजे युद्धाचा ग्रंथ. १५८७ मध्ये अबुल फझलने त्याला प्रस्तावना लिहिली. तिचा आशय असा की, दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांचे ग्रंथ न वाचता ऐकीव गोष्टींवर भांडतात. मान्य ग्रंथ एकमेकांच्या भाषेत आले तर वैर कमी होईल आणि प्रत्येकाला आपल्याही चुका दिसतील. व्हॉट्सअॅपच्या काळात हे वाक्य पुन्हा वाचण्यासारखं आहे.

या कामातला एक प्रसंग प्रत्येक मंडळाने चर्चेला घ्यावा. बदायुनी कट्टर सुन्नी होता. महाभारताचा अनुवाद म्हणजे त्याला शिक्षाच वाटत होती आणि तसं त्याने लिहूनही ठेवलंय. त्याच्या मजकुरात प्रत्येक कर्माचं फळ मिळतं अशा अर्थाची एक ओळ आली. अकबर संतापला. याने कबरीतले सवाल-जवाब आणि कयामतचा दिवस हिंदूंच्या ग्रंथात घुसडला, असा त्याला संशय आला. बदायुनीने खुलासा केला की, मी मूळ ग्रंथात आहे तेच लिहिलंय, चांगल्या-वाईट कर्मांचा हिशोब हिंदूही मानतात. मोठ्या मिनतवारीने प्रकरण मिटलं. यात गंमत आहे ती ही की, ग्रंथ न आवडणाऱ्या मुल्लावर आरोप झाला तो मजकुरात भर घातल्याचा आणि त्याने बचाव केला तो मजकुराशी प्रामाणिक राहिल्याचा. पुस्तकात काय आहे आणि आपण त्यात काय वाचतो, या दोन गोष्टी वेगळ्या असतात. मंडळाने मुळात शिकायचं असतं ते हेच.

या प्रयोगाला आपल्या दख्खनचा हातभार होता, हे फारसं कुणी सांगत नाही. शेख भावन हा दख्खनमधून आलेला विद्वान ब्राह्मण, ज्याने इस्लाम स्वीकारला होता. अथर्ववेदाच्या अनुवादासाठी त्याची मदत घेण्यात आली. काही भागांचा अर्थ त्यालाही लावता येईना, तेव्हा बदायुनीने बादशहाला तसं सांगितलं आणि मग काम फैझीकडे, त्यानंतर हाजी इब्राहिम सरहिंदीकडे गेलं. याच फैझीने १५८७ मध्ये भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’चा फारसी अनुवाद केला. भास्कराचार्यांचा पणतू... नव्हे, नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापन केला तो चाळीसगावजवळच्या पाटणला. १२०७ चा तिथला शिलालेख त्याची साक्ष देतो. एका माणसाच्या पुस्तकांचा अभ्यास करायला मठ आणि त्याला राजाश्रयाने नेमून दिलेलं उत्पन्न! खानदेशात आठशे वर्षांपूर्वी अभ्यासमंडळ होतं, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. पुढे १५९१ मध्ये फैझी अकबराचा वकील म्हणून खानदेश आणि अहमदनगरच्या दरबारांत आला. नगरहून त्याने जहूरी आणि मलिक कुमी या कवींची बादशहाकडे तारीफ कळवली. तो वारला तेव्हा त्याच्या संग्रहातली चार हजारांहून अधिक पुस्तकं शाही ग्रंथालयात जमा झाली. चाळीसगाव, जळगाव, नगरच्या मुलांनी ‘लीलावती’पासून सुरुवात केली तर त्यांना इतिहास शोधायला दिल्लीला जावं लागणार नाही.

आणखी एक गोष्ट अकबराने केली. बाबर आणि हुमायूनच्या आठवणी ज्यांना आहेत, त्यांनी त्या लिहून द्याव्यात, असं फर्मान त्याने काढलं. त्यातून आत्या गुलबदन बेगमचा ‘हुमायूननामा’ आला, हुमायूनला पाणी देणाऱ्या जौहर आफताबचीच्या आठवणी आल्या आणि बायजीद बयात या सेवकाच्याही. एकच माणूस, एकच पळापळ आणि सांगणारे तिघे: बहीण, पाणक्या आणि नोकर. गुलबदन घरातल्या बायकांची नावं सांगते, रुसवे-फुगवे सांगते, हमीदा बानूने लग्नाला किती दिवस नकार दिला ते सांगते. दरबारी इतिहासकाराला हे सांगावंसं वाटत नाही. मंडळात एक बैठक अशी ठेवता येते. एकच घटना घ्यायची आणि ती सांगणारे दोन-तीन वेगवेगळे आवाज शेजारी शेजारी वाचायचे. आणि मग आपल्या आजी-आजोबांना १९४८ च्या पोलीस ॲक्शनबद्दल किंवा १९७२ च्या दुष्काळाबद्दल विचारून लिहून आणायचं. मराठवाड्यातल्या किती मुस्लिम घरांत पहिली गोष्ट अजून कुजबुजीतच सांगितली जाते, हे वेगळं सांगायला नको. सांगणारी माणसं संपत चालली आहेत.

हे सगळं आपल्याला इतक्या तपशिलात कळतं ते कुणामुळे? बरंचसं बदायुनीमुळे. दिवसा तो बादशहाच्या हुकमाने अनुवाद करी आणि गुपचूप ‘मुंतखब-उत-तवारीख’ लिहून मनातली मळमळ ओकत असे. ते पुस्तक बाहेर आलं ते अकबराच्या मृत्यूनंतर, जहांगीरच्या काळात. अबुल फझल अकबराला आदर्श पुरुष म्हणून रंगवतो, तर बदायुनी दीन बुडवणारा म्हणून. एकट्या अबुल फझलवर विसंबलो तर आपल्या हाती स्तुतिपाठ उरतो आणि एकट्या बदायुनीवर विसंबलो तर गाऱ्हाणं. दोघं शेजारी ठेवले की काळ दिसू लागतो. म्हणून मी मंडळांना आग्रहाने सांगतो, तुमच्यातल्या बदायुनीला घालवू नका. दर मंडळात असा एक असतो, जो प्रत्येक निवडीवर नाक मुरडतो, ‘हे कशाला वाचायचं’ म्हणतो, तरी दर आठवड्याला येतो. तो गेला की उरलेले सगळे एकमेकांना माना डोलवतात आणि मंडळाचा जीव जातो.

मग पहिल्या वर्षी काय लावावं? माझं मत विचाराल तर जोड्या लावाव्यात. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांच्या ‘योगसंग्राम’मधले निवडक भाग आणि त्यासोबत सादीच्या ‘गुलिस्ताँ’तल्या गोष्टी. गोविंद पानसरे यांचं ‘शिवाजी कोण होता?’ आणि त्यासोबत सेतुमाधवराव पगडी यांचं फारसी साधनांवरचं लेखन. हमीद दलवाईंची ‘इंधन’ ही कादंबरी आणि साने गुरुजींची ‘इस्लामी संस्कृती’. एक आपल्यातला माणूस आपल्यावर कठोर होऊन लिहितो आणि दुसरा बाहेरचा माणूस आपल्याबद्दल प्रेमाने लिहितो. दलवाईंचं नाव काढलं की काही जण उठून जातात, हे मला माहीत आहे. ज्याला त्यांचं खोडून काढायचं आहे, त्याने तर आधी बसून वाचायलाच हवं. न वाचता केलेला विरोध इबादतखान्यातल्या आरडाओरड्यापेक्षा वेगळा नसतो. शेवटी मौलाना आझादांचं ‘इंडिया विन्स फ्रीडम’. त्यातली तीस पानं सीलबंद होती, ती १९८८ मध्ये बाहेर आली. ती पानं का झाकली आणि उघडल्यावर काय बदललं, एवढ्या एका प्रश्नावर दोन बैठका सहज होतात.

निवड करताना एक पथ्य पाळावं. अकबराच्या सभेतली मोठी खोट ही होती की, विषय नेहमी सर्वांत बलवान माणूस ठरवायचा. आपल्याकडे तो मान देणगीदाराला, मुतवल्लीला, नाही तर माझ्यासारख्या बाहेरून आलेल्या लेखकाला मिळतो. तसं होऊ देऊ नये. पाळीपाळीने प्रत्येकाने एक पुस्तक सुचवावं, अगदी जो कधीच बोलत नाही त्यानेही. ज्याने पुस्तक सुचवलं, त्याने त्या दिवशी निकाल द्यायचा नाही, फक्त वाचायचं. आणि बैठक संपताना जिथे थांबलो तिथे पानावर खूण करायची, म्हणजे पुढच्या जुम्मेरातीला कुठून सुरू करायचं याचा वाद तरी होणार नाही.